बारकीचे वाक्य

मी एक म्हातारा कुत्रा आहे आणि मित्रांनो, मी चिडलेलो आहे. एका शिंप्याच्या दुकानात माझे आयुष्य गेले. पिल्लू असताना चिंध्यांच्या ढिगात सापडलो, म्हणून नाव पडले चिंध्या. त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझा राग वेगळाच आहे.

शिंप्याची मुलगी बारकी बोलताना अडखळायची. तिने तोंड उघडले की आई तिचे वाक्य पुरे करी, आत्या पुरे करी, मशीन चालवता चालवता बाबाही पुरे करीत. वर आत्या कौतुकाने सांगे, "आमच्या बारकीला बोलायचा त्रासच पडू देत नाही आम्ही!" माझ्या अंगाचा तिळपापड होई. बारकी मान डोलावून गप्प बसे.

मला बोलता येत नाही, म्हणून मी तिचे बोलणे कधी तोडले नाही. शाळेतून आली की ती कापड कापायच्या टेबलाखाली माझ्याजवळ बसे आणि दिवसभराचे सांगे. एका वाक्यात माझी अर्धी डुलकी होई. पण ते वाक्य तिचे असे.

एकदा गिऱ्हाइकाचा नवा कोट माझ्या अंथरुणात फाटलेला सापडला. दुकानात कापड कापणारे काका तावातावाने म्हणाले, "या चिंध्याचंच काम! सोडून या त्याला लांब कुठंतरी." लबाड कुठले! कात्री त्यांचीच निसटली होती आणि कोट त्यांनीच माझ्या अंथरुणात कोंबला होता. मी भुंकलो, तर तोही माझाच गुन्हा ठरला. पण टेबलाखालून बारकीनेही सगळे पाहिले होते.

"बाबा, चिं... चिंध्यानं..."

"फाडला. माहितेय गं आम्हाला," आत्या म्हणाली.

बाबांनी माझ्या गळ्यात दोरी अडकवली. बारकीने मला घट्ट धरले. मला वाटले, आता रडणार. ती ओरडली, "थां... थांबा! माझं वाक्य संपलं नाही!"

सगळे चपापले. आत्याने तोंड उघडले, तसे बारकीने तिच्याकडे असे पाहिले की ते मिटले.

"चिंध्यानं नाही फाडला. का... का... काकांची कात्री लागली. मी पाहिलं."

फार वेळ लागला. कोणी मध्ये बोलले नाही. काकांची मान खाली गेली. "घाबरलो मी," ते पुटपुटले.

बाबांनी दोरी काढली आणि ते बारकीसमोर जमिनीवर बसले. "आणखी काय सांगायचंय? मी ऐकतोय."

बरेच होते. त्या संध्याकाळी बाबांना कळले की ज्या निळ्या रंगाचे फ्रॉक ते तिच्यासाठी वर्षानुवर्षे शिवत आले, तो रंग तिला मुळीच आवडत नाही.

बारकी अजून अडखळते. अडखळू दे! घरातल्यांना आता थांबता येते. गिऱ्हाइके मात्र मध्येच तोंड घालतात आणि मी गुरगुरतो. मित्रांनो, तुमच्या वर्गातही अशी एखादी बारकी असेल. ती बोलत असताना जरा दम धरा. मला, एका कुत्र्याला, हे जमले. तुम्हाला का जमू नये?