बेचाळीस इंच कंबर

बाबांना जाऊन सात आठवडे झाले आणि त्यांच्या मोबाइलवर एडिंबराहून फोन आला. मॉरीन नावाची बाई, किल्ट म्हणजे स्कॉटिश निऱ्यांचे घागरे शिवणारी. डॉक्टरसाहेबांचं कापड विणून आलंय, म्हणाली. निऱ्या कशा घालायच्या तेवढं ठरायचंय.

"माझ्या वडिलांनी किल्ट शिवायला टाकला होता?" आश्लेषाने विचारलं.

"त्यांचा नव्हे, एका बाईंचा. लांब, घोट्यापर्यंत येणारा. टार्टनची चौकडीसुद्धा त्यांनी इथे बसून स्वतः कागदावर काढली. मापं आहेत माझ्याकडे. कंबर बेचाळीस."

आश्लेषाची कंबर आयुष्यात कधी बत्तिसाच्या वर गेली नव्हती. आई गेली त्याला सहा वर्षं झाली होती.

"त्यांच्याबरोबर कुणी होतं का?"

"हो, दोन्ही वेळा. मिसेस शशी. दुसरा फोन नंबर त्यांचाच आहे. पण आधी याच नंबरावर लावला."

तारखा विचारून घेऊन तिने आभार मानले. नंतर जुने मेसेज उघडले. त्या दोन्ही तारखांना बाबांनी तिला कळवलं होतं की जुन्या डॉक्टरांचं रीयुनियन आहे, यॉर्कला, फोन बंद असेल.

आश्लेषा मिल्टन कीन्सला लायब्ररीत काम करायची. पुस्तकं तिने इतकी वाचली होती की मेलेल्या बापाच्या कपाटातून काय निघतं हे तिला पाठ होतं. लीड्सच्या घरातली बाबांची कपाटं मात्र तिने स्वतः आवरली होती. त्यांत पायमोजे आणि मणक्याचे दोन प्लास्टिकचे नमुने याखेरीज काही निघालं नव्हतं. तेव्हा तिला हायसं वाटलं होतं. आता वाटलं, आवरून झालेलंच कपाट आपल्याला मिळालं असेल.

शशीमावशी आईची मैत्रीण. विधवा, अंगाने भरलेली, लीड्सच्या मंडळात गणपतीला पन्नास माणसांचे मोदक एकटी उकडणारी. बेचाळीस सहज असेल.

शनिवारी एडिंबराच्या ट्रेनमध्ये तिने पुस्तक उघडलं, पण पान काही उलटलं नाही. बाबांची पहिली नोकरी स्कॉटलंडमधल्या डंडीची. ती तेव्हा नऊ वर्षांची होती. शाळेत एक दिवस सगळ्यांनी आपापल्या घराण्याचं टार्टन घालून यायचं होतं. "बाबा, आपलं कुठलं?" तिने विचारलं. बाबांनी एक्स-रे उजेडाकडे धरूनच उत्तर दिलं, "आपलं नसतं ते." त्या दिवशी ती पोटात दुखतंय म्हणून घरी राहिली. पुढे ते लीड्सला आले आणि विषय संपला. आणि जे आपलं नसतं, ते बाबांनी शेवटी काढलं होतं. कुणासाठी तरी.

मॉरीनचं दुकान दुसऱ्या मजल्यावर होतं. मॉरीन साठीची, गळ्यात टेप, बोटाला अंगुस्तान. तिने लांबरुंद टेबलावर कापड पसरलं. गडद हिरवी जमीन, ऑपरेशन थिएटरच्या कपड्यांसारखी. त्यावर जांभळे रुंद पट्टे, आणि प्रत्येक चौकोनाच्या मधून एक बारीक अबोली रेघ.

आई अबोली रंगाला हात लावत नसे. मला खुलत नाही, म्हणायची. आईच्या तेराव्याला शशीमावशी अबोली शाल पांघरून आल्या होत्या, हे आश्लेषाला लख्ख आठवलं.

"या रेघेसाठी तीन वेळा सूत बदलायला लावलं," मॉरीन म्हणाली. "मग दुसऱ्या खेपेला नमुनाच घेऊन आले. बरं, निऱ्यांचं बघू या. दोन पद्धती आहेत."

तिने कापडाला भराभर दुमडी घातल्या. पहिल्या पद्धतीत चौकडी अखंड राहिली, निऱ्या आहेत हे कळूही नये अशी. दुसऱ्या पद्धतीत प्रत्येक निरीवर तेवढी अबोली रेघच वर आली, बाकी सगळे रंग घडीत गेले.

"पाठीमागून एकच रंग दिसतो. आतलं चालताना उघडतं."

"म्हणजे पुढून एक आणि मागून एक," आश्लेषा म्हणाली.

"सैन्यात अशाच घालतात. तुमच्या वडिलांना विचारलं, तर म्हणाले, जी नेसणार तीच ठरवेल."

"मला एक फोन करायचाय."

ती जिन्यात गेली. शशीमावशींनी लगेच उचलला.

"मावशी, मी एडिंबराला आहे. मॉरीनकडे."

"पोचलीस होय," मावशी म्हणाल्या.

"तुम्ही बाबांबरोबर इथे दोनदा आला होतात."

"आले होते. त्यांचं ड्रायव्हिंग बंद झालेलं. जाताना खुब्याची ऑपरेशनं, येताना गुडघ्याची. सगळं ऐकलं मी."

"मला त्यांनी यॉर्क सांगितलं."

"ते मीच सुचवलं. त्यांना धड थाप मारता येत नसे."

आश्लेषाने विचारलं, "कधीपासून होतं हे?"

"हे म्हणजे?"

"आई असतानापासून?"

 मावशी सावकाश बोलल्या. "तुझ्या आईचे केस शेवटी मी विंचरत होते, आश्लेषा. तिथे मंडळाची एक कापडी पिशवी असेल. ती उघड. नंतर फोन करायचा तर कर, नाहीतर नको करूस."

फोन बंद झाला.

पिशवी शिलाई मशीनखाली होती. "हो, तोच नमुना," मॉरीन म्हणाली. "रंगालाही आणि मापालाही. हे नक्की काय असतं? मला तर नळाच वाटला."

आश्लेषाने तो बाहेर काढला. तिचाच अबोली परकर, घड्यांवर विटलेला. खाली आईने दुमडून हाताने घातलेली टीप होती, वेडीवाकडी, घाईची. पदवीदानाच्या सकाळी आश्लेषाला तो पायात येत होता, तेव्हा आईने तिला स्टुलावर उभं करून घातलेली. त्यानंतर त्यावरची साडी तिने पुन्हा नेसली नव्हती.

नाडी काढून टाकलेली होती.

"टेपमध्ये अडकते म्हणून डॉक्टरांनीच ओढून काढली," मॉरीन म्हणाली. "मी म्हटलं, कंबर आणि नितंब एकच कसे? तर म्हणाले, चाळीस वर्षं माणसं मोजतोय मी."

आश्लेषा परकर हातात घेऊन खुर्चीत बसली. "याला नाडी असते," ती म्हणाली. "ओढून बांधतात. नाडी नसली की तो कुणाच्याही कमरेचा होतो."

मॉरीनने काही न विचारता टेप घेतली. लांबी बरोबर निघाली, आईच्या टिपेमुळे. कंबर एकतीस.

"बेचाळिसाच्या हिशेबाने कापड विणून घेतलंय. पुष्कळ उरेल. कापू?"

"कापू नका. निऱ्यांत घाला."

"जड होईल."

"होऊ दे. आणि निऱ्या त्या दुसऱ्या पद्धतीच्या. अबोली रेघ वर."

मॉरीनने वहीत लिहून घेतलं आणि पेन्सिल थांबवली. "टार्टनला नाव? तेही तुमच्यावरच ठेवलंय."

"पुढच्या वेळी सांगते."

जिन्यात उतरून तिने फोन लावला. तो वाजून वाजून बंद झाला. तिने पुन्हा लावला.

"बोल," मावशी म्हणाल्या.

"माप चुकलंय. अकरा इंचांनी."

"मी म्हटलं होतं त्यांना, नाडी ओढून मोजा. तर म्हणे, ऑर्थोपेडिक कोण, तू की मी?" मावशींचा आवाज क्षणभर सैल झाला आणि पुन्हा आवळला. "तुझ्या वाढदिवसाला द्यायचा होता. कुणाला सांगणार नाही असा शब्द घेतला होता माझ्याकडून. म्हणून गप्प बसले."

"मावशी, माझं चुकलं."

"हो, चुकलं." मग, "हे फोनवर नको. इथे येऊन सांग."

"आज?"

"आजच. यॉर्कला उतरून लीड्सची गाडी घ्यायची. ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे," आश्लेषा म्हणाली. परकराची पिशवी खांद्याला लावून ती स्टेशनकडे निघाली.