सरासरी खोली

डॅन्यूब आमच्या स्विश्तोव्हपाशी अर्धी बल्गेरियाची, अर्धी रोमानियाची. वाळूला हे कुणी कळवलेलं नाही. दर ऑगस्टला दोन्हीकडचे मोजणीदार खोली मोजतात आणि संयुक्त समितीला एकच आकडा कळवतात. जहाजं त्यावर चालतात. आकडे जुळले नाहीत तर काय, हे करारात नाही. म्हणून आम्ही सरासरी काढतो.

यंदा माझे आले एकोणीस डेसिमीटर. पलीकडचा रोमानियन मोजणीदार साबिन सत्तावीस घेऊन आला.

"हे कुठलं रे पाणी?"

"एप्रिलचं," तो शांतपणे म्हणाला. "होडीचं इंजिन गेलंय. अर्ज केलाय. एकोणीस लिहिलंस तर वाहतूक बंद. मग दोन्ही मंत्रालयं विचारणार, इतके दिवस काय झोपला होतात?"

तेवीस लिहिलं. दोघांनी सह्या केल्या.

दुसऱ्या दिवशी वायरलेसवर माझी भाची, झ्लातिना. कॅप्टन होऊन चार महिने झालेले. पहिल्या वर्षात जहाज रुतवलं की परवाना रद्द.

"मामा, माझ्या जहाजाला एकवीस तरी पाणी लागतं. वाळूच्या पट्ट्यावर पाणी किती?"

"तेवीस लिहिलंय."

"लिहिलंय ते मीही वाचलं. आहे किती?"

दोन्ही काठांवर हे बोलणं नोंदलं जातं. मी म्हणालो, "नांगर टाक ना जरा. जेवून घे."

"कंपनी म्हणते, तेवीस असताना थांबलीस तर लेखी कारण दे. काय लिहू, मामाने जेवायला सांगितलं?"

मी बटण दाबणार, तेवढ्यात साबिनचा आवाज आला, "तेवीस. आमचाही दुजोरा." मी हात मागे घेतला.

अकरा वाजता ती रुतली.

चौकशीला दोन्ही देशांचे तीन-तीन साहेब. त्यांचं एरवी चहाच्या वेळेवरही जमत नाही. इथे दहा मिनिटांत एकमत झालं. पाणी तेवीस, जहाज एकवीस. तेव्हा जहाज तिथे रुतू शकत नाही. कॅप्टनचीच चूक. जहाज खिडकीतून दिसत होतं. ऊन येतं म्हणून अध्यक्षांनी पडदा ओढायला लावला.

मी उठलो. "साहेब, तिथे एकोणीसच आहे."

"ही सही कुणाची?"

"माझी."

"मग बसा."

साबिन बुटांकडे बघत होता.

परवाना जमा करून घेणं स्थानिक कार्यालयाचं काम. स्थानिक कार्यालय म्हणजे मी. झ्लातिनाने तो टेबलावर ठेवला.

"पावती दे, मामा."

दिली.