पान सत्तावन्नवरचं गाणं

मी संशयी बाई आहे, हे आधीच सांगते. दूधवाल्याच्या मापापासून डॉक्टरच्या चिठ्ठीपर्यंत कशावरच माझा चटकन विश्वास बसत नाही. घरच्यांना याचा जाच होतो, पण 'नादपेठ' या संगीताच्या मासिकात याच गुणावर माझी सत्तावीस वर्षं निघाली. एका प्राध्यापकांनी ठुमरीवर पाठवलेला लेख तेरा वर्षांपूर्वीच्या आमच्याच अंकातून उचललेला होता, तो मी पहिल्या परिच्छेदात पकडला. तेव्हाचे संपादक श्रीधरराव म्हणाले होते, "सुमतीबाई, लोक ताक फुंकून पितात, तुम्ही पाणी फुंकून पिता." मी ते कौतुक समजले.

श्रीधरराव गेल्यापासून त्यांचा मुलगा उन्मेष संपादक आहे. त्याच्या नावानं छापून येणारं संपादकीय मी लिहिते. आधी श्रीधररावांच्या नावानं लिहीत होते. अंकात माझं नाव कुठंच नसतं, पहिल्या पानावरच्या बारीक टाइपातसुद्धा नाही. याचा मला राग आहे. तो इथंच सांगून टाकते, म्हणजे लपवला असं कोणी म्हणायला नको.

आमचं ऑफिस नागपूरच्या लकडगंजात, एका आरा मशीनच्या वर. दिवसभर खाली सागवान चिरत असतं आणि वर आम्ही मारव्यावर लेख वाचत असतो. आमचे वर्गणीदार सोडून जात नव्हते, एकेक करून वारत होते. म्हणून या वर्षी उन्मेषनं जाहीर केलं, की दिवाळी अंक खडी गंमतवर काढायचा.

खडी गंमत म्हणजे कुही, भिवापूर, भंडाऱ्याकडच्या खेड्यांतला गाण्याचा खेळ. ढोलकी, डफ, तुणतुणं घेऊन सगळे पुरुष उभ्यानं गातात, बाईचं सोंगही पुरुषच घेतो. दोन पार्ट्या समोरासमोर उभ्या राहिल्या की त्याला दुय्यम म्हणतात. उन्मेषनं आयुष्यात एकही खडी गंमत पुरती पाहिलेली नव्हती. त्याला एकदम हा पुळका का आला, हे मी विचारलं.

"काकू, वाचकाला आता राग-रागिण्या नकोत. त्याला काहीतरी अस्सल हवंय, जे संपत चाललंय. मुखपृष्ठावर एकच चेहरा टाकू आणि वर लिहू, 'मातीतला शेवटचा शाहीर'."

शेवटचा कशावरून, हे त्यालाही माहीत नव्हतं. पाणी कुठंतरी मुरतंय, एवढं मला कळलं.

शेवटचा शाहीर ठरलेल्या दिवशी मोटरसायकलवर आला. कुहीच्या पलीकडच्या खेड्यातले नानाजी, वय पासष्टच्या आसपास, अंगात निळी सफारी, खिशात दोन पेन. मागच्या सीटवर त्यांच्या बायको इंदुताई, मांडीवर भिवापुरी मिरचीची पिशवी. पिशवी त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली आणि मी लगेच विचार केला, की ही कशासाठी?

उन्मेषनं नानाजींना खाली नेलं. सफारी काढून मळकं धोतर नेसवलं, चष्मा आणि घड्याळ काढून घेतलं आणि आरा मशीनच्या भुशाच्या ढिगावर बसवलं. फोटोत भुसा मातीसारखा दिसतो.

"मी शेवटला काहून गा?" नानाजींनी विचारलं. "आमच्या कुही तालुक्यातच चार पार्ट्या हायेत. भिवापूरकडला पिंटू शाहीर तर आता तीस वर्साचा हाय. लय जोरदार गाते. त्याचाबी फोटो घ्या ना."

"त्याला पुढच्या वेळी घेऊ," उन्मेष म्हणाला, आणि त्यांना हसू नका म्हणून सांगितलं.

वर आल्यावर नानाजींनी एक वही माझ्या हातात दिली. आत मिरची खुडणाऱ्या बाईचं गाणं होतं.

मिरची खुडता खुडता माय, बोटं झाले लाल,
तान्हं रडते झोळीमंदी, कसे पुसू गाल?

मी कागद, अक्षर निरखत वही चाळली आणि ते दोनदा वाचलं. तिखटाच्या हातानं लेकराचे डोळे पुसता येत नाहीत, म्हणून ते रडू देणारी आई. इतक्या वर्षांत 'नादपेठ'मध्ये असं काही छापलं नव्हतं. मला फार आवडलं, आणि आवडल्याबरोबर संशय आला. हे पुरुषानं लिहिलेलं नाही.

"हे तुम्हीच रचलं?" मी विचारलं.

नानाजींनी बायकोकडे पाहिलं. "आमचंच हाय, बाई."

"आमचं म्हणजे? तुमचं की नाही?"

"शेवटल्या कडव्यात हाय सगळं," ते म्हणाले. "आमच्याकडं गाण्याची छाप शेवटल्या कडव्यात असते. गुरूचं नाव, गावाचं नाव, रचनाऱ्याचं नाव. छाप नाही ते गाणं बेवारस. कोणीबी उचलावं. म्हनून एकच इनंती हाय, गाणं छापसान तं पुरं छापा. शेवटलं कडवं कापू नका."

इंदुताईंनी विचारलं, "सगळं छापून येईन ना, बाई?"

"बघू," मी म्हटलं.

नानाजींनी संमतीपत्रावर सही केली, तेव्हा मी त्यांच्या हाताकडे नीट पाहिलं. एकेक अक्षर कोरत, थांबत, वाकडंतिकडं. वहीतलं अक्षर मात्र गोल, सुबक, एका ओळीत चाललेलं. ते गेल्यावर मी दोन्ही शेजारी ठेवून पाहिली. वही त्यांच्या हातची नव्हती, हे सांगायला जाणकार नको होता. मला मनापासून आनंद झाला. प्राध्यापकांचा तो ठुमरीवरचा लेख पकडला होता तेव्हा झाला होता तसाच.

कोण्या गरीब बाईचं गाणं या माणसानं उचललं आणि शेवटी आपल्या नावाचं कडवं चिकटवलं, असं मी ठरवून टाकलं. म्हणून तर त्या कडव्यासाठी एवढी धडपड!

गाणं टाइप करून पानात बसवायचं काम काजलकडं होतं. तिनं केबिनच्या दारातून विचारलं, "मॅडम, मागच्या पानावर अजून चार ओळी आहेत. घ्यायच्या का? घेतल्या तर फोटो लहान करावा लागते."

"काय असणार त्यात? गुरूचा जयजयकार आणि स्वतःची टिमकी. जाऊ दे."

"तुम्ही एकदा पाहून घेता का?"

"काजल, कुठलाही मजकूर जास्त झाला तर शेपटीकडून कापायचा. सत्तावीस वर्षं तेच करतेय."

मी पान उलटलं नाही. आणि एवढ्यावर थांबलेही नाही. गाण्याखाली नानाजींचं नाव जायला नको म्हणून स्वतःच्या हातानं ओळ घातली: 'पारंपरिक. रचनाकार अज्ञात.' त्या अनोळखी बाईला आपण न्याय दिला, असं मला वाटलं. संध्याकाळी घरी जाताना मी खुशीत होते, हे कबूल करायला आज लाज वाटते.

उन्मेषला ती ओळ फारच पसंत पडली. "अज्ञात! काकू, हेच तर विकलं जातं."

त्याचं खरं निघालं. अंक आला आणि आठ दिवसांत फोन सुरू झाले. पुण्याच्या एका वाचकानं लिहिलं, की रचनाकार अज्ञात असण्यातच लोकसंगीताची खरी श्रीमंती आहे. ती ओळ उन्मेषनं मोठी करून भिंतीवर लावली. मी लिहिलेल्या संपादकीयाचंही कौतुक झालं, अर्थात उन्मेषचं.

नानाजींचा फोन आला तो मंडईचं आमंत्रण द्यायला. दिवाळीनंतर आमच्याकडच्या गावागावांत मंडई भरते, म्हणजे दिवसाची जत्रा, आणि तिथं दुय्यम रंगते. अंक अजून त्यांच्या गावात पोचला नव्हता. "या बाई, तिथंच पाहू सगळ्याईसंगं," ते म्हणाले. आवाजात एवढा उत्साह होता, की चोराच्या मानानं हा फार मोकळा बोलतो, असं मला वाटून गेलं. मी वही परत द्यायला पर्समध्ये टाकली.

भाऊबीजेनंतर तिसऱ्या दिवशी आम्ही गेलो. उन्मेषनं गाडीत उरलेले बत्तीस अंक घेतले होते. कापणी झालेल्या धानाच्या शेतात, म्हणजे बांधीत, फड होता. एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका. इंदुताईंनी नवं लुगडं नेसलं होतं. त्यांनी मला शेजारी बसवून घेतलं आणि आजूबाजूच्या बायकांना सांगितलं, "ह्याच त्या पुस्तकातल्या बाई." नानाजी फडात सफारीतच उभे होते.

समोर पिंटू शाहीर, डोळ्यांवर काळा गॉगल. दोन सवाल झाले, दोन जवाब झाले. मग त्यानं झोळ्यातून 'नादपेठ' काढला आणि वर धरला.

"मंडळी, हे नागपूरचं पुस्तक. काल भिवापुरात घेतलं. पान सत्तावन्न. मिरचीचं गाणं. खाली लिहून हाय, रचनाकार अज्ञात. छाप नाही. ज्या लेकराले मायबाप नाही, ते लेकरू आज म्या दत्तक घेतलं!"

आणि तो गायला लागला. आवाज खरंच जोरदार होता. तान्ह्याच्या ओळीला बायकांनी डोळ्यांना पदर लावले. शेवटी त्यानं आपल्या गुरूचं, आपल्या गावाचं आणि आपलं नाव घालून कडवं म्हटलं. शिट्ट्या वाजल्या.

नानाजी पुढं आले. "गाणं माह्या घरचं हाय, पिंटू."

"तं मंग छाप काहून नाही गा, नानाजी? तुमचाच फोटो हाय पुस्तकावर, अन तुमच्याच गाण्याले छाप नाही?"

मंडईच्या पंचांनी अंक मागवला, पान सत्तावन्न वाचलं आणि मान हलवली. छापलेल्यावर काय बोलणार? नानाजी काहीतरी म्हणायला लागले, पण ढोलकी आधीच पिंटूच्या बाजूनं वाजत होती. माझ्या शेजारी इंदुताई अगदी सरळ बसल्या होत्या. त्यांनी हात मांडीवर ठेवले होते. बोटं टोकाला काळपट-तांबडी, कातडी सोललेली.

मी पर्समधून वही काढली. मी पान उलटलं.

लक्षुमण गुरूची कृपा, कुहीपाशी गाव,
गळा हाय नानाजीचा, बोल इंदूचे, राव.
बाईले फडात नाही उभं राहाले ठाव,
शेवटल्या ओळीत उभं हाय इंदूचं नाव.

तेच गोल, सुबक अक्षर. चोरी मी बरोबर पकडली होती, फक्त चोर मी होते.

उठले कशी, आठवत नाही. बायकांमधून वाट काढत मी फडात गेले. उन्मेष मागून "काकू, काकू" करत राहिला. मी पंचांसमोर वही धरली आणि म्हटलं, "गाण्याला छाप आहे. ती मी कापली. नानाजींनी सांगितलं होतं कापू नका म्हणून. मी वाचलीसुद्धा नाही." मग मी त्या चार ओळी मोठ्यानं वाचल्या. मला गाता येत नाही. शाळेतली हजेरी घ्यावी तशा वाचल्या.

ढोलकी थांबली. पिंटूनं गॉगल काढला, बायकांच्या बाजूला वळून कान पकडले. "इंदूकाकी, गाणं तुमचं. चुकलो." मग नानाजींनी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटलं, आणि शेवटच्या कडव्याला डफ पिंटूनं धरला.

मी परत जागेवर येऊन बसले. माफ करा, एवढंच मला म्हणता आलं.

"तुमचा मले त्या दिवशीच संशय आला होता, बाई," इंदुताई म्हणाल्या. रागानं नाही, साधं सांगितल्यासारखं. "तुम्ही सारी वही चाळली. कागद पाहिला, अक्षर पाहिलं, ह्याईची सही पाहिली. शेवटलं पान तेवढं उलटलं नाही. म्हनून तं म्या इचारलं, सगळं छापून येईन ना."

"पुढच्या अंकात छापू," मी म्हटलं.

माझ्या मागोमाग आलेला उन्मेष लगेच म्हणाला, "पुढचा अंक गझलवर आहे, काकू."

इंदुताईंनी त्याच्याकडं पाहिलं, मग त्याच्या हातातल्या गठ्ठ्याकडं. "हे किती हायेत?"

"बत्तीस."

"आन इकडं."

त्यांनी नानाजींच्या सफारीतला पेन मागून घेतला आणि माझ्या हातात दिला. बांधीच्या धुऱ्यावर, मातीच्या बांधावर बसून मी पान सत्तावन्न उघडलं, 'रचनाकार अज्ञात' खोडलं आणि फोटोच्या कडेनं, त्यातल्या भुशाच्या ढिगावर, चार ओळी लिहिल्या. इंदुताई डोक्याशी उभ्या राहून वाचत होत्या. पहिला अंक झाल्यावर मी तो पुढं केला, तर त्यांनी घेतला नाही.

"खाली तुमचं नाव लिवा."

"माझं?"

"मंग? कडवं कोनं कापलं होतं, हे समजाले नको वाचणाऱ्याले?"

मग मी लिहिलं: 'हे कडवं मी कापलं होतं. सुमती सुभेदार.' सत्तावीस वर्षांत 'नादपेठ'च्या पानावर माझं नाव पहिल्यांदाच आलं. इंदुताईंनी ते बोट ठेवून वाचलं आणि पुढचा अंक माझ्या मांडीवर ठेवला.