माझ्या तोंडातल्या अक्षता

मित्रांनो, मी नायगावच्या बीडीडी चाळीतला एक जुना संगणक आहे. म्हातारे आपली कहाणी हळवेपणाने सांगतात. मीही तशीच सांगितली असती, पण गेल्या आठवड्यात माझं डोकं इतकं उठलं आहे की माझ्या सांगण्यात तक्रारच जास्त असेल. तेवढी गोड मानून घ्या.

माझा जन्म ग्रँट रोडजवळच्या एका दुकानात झाला. कुणाचा मदरबोर्ड, कुणाची डिस्क, कुणाची पेटी असं जुळवून मला उभं केलं. माझे मालक अप्पा तेव्हा एका कचेरीत हेडक्लार्क होते. त्यांनी मला टॅक्सीतून मांडीवर घेऊन घरी आणलं. चाळीतला पहिला संगणक म्हणून माझी दृष्टसुद्धा काढली. मंडळाचे अहवाल, बारशाची निमंत्रणं, लग्नाचे बायोडाटा, सगळं माझ्यातून निघायचं. निम्म्या चाळीची लग्नं याच्यामुळे जमली, असं अप्पा पाहुण्यांना सांगत, तेव्हा मला कोण आनंद व्हायचा!

दर दसऱ्याला माझी पूजाही व्हायची, आणि तिथेच घात झाला. हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, इथवर ठीक. पण फ्लॉपी घालायची माझी फट अप्पांना तोंडासारखी दिसायची. कुंकवात भिजवलेल्या चार अक्षता ते भक्तिभावाने त्या फटीत सारायचे. दर वर्षी चार. नवव्या दसऱ्यानंतर एक फ्लॉपी आत गेली ती बाहेर आलीच नाही. दुरुस्तीवाल्याने ड्राइव्ह उपटून नेला आणि फटीवर कॅलेंडरचा पुठ्ठा चिकटवला. अप्पा मात्र जगाला सांगत राहिले, "ड्राइव्हच कमजोर होता." मी काय बोलणार? तोंडच काढून नेलं होतं.

पुढे घरात मोबाइल आले आणि माझ्यावर इस्त्रीचे कपडे साठू लागले. फक्त अप्पांनी मला सोडलं नाही. चाळ पाडून तिथे टॉवर होणार हे ठरलं, तेव्हा त्यांनी एक पुस्तक लिहायला घेतलं. आमच्या इमारतीच्या ऐंशी खोल्या, कोणत्या खोलीत कोण राहिलं, कुठल्या गावाहून आलं, कुणाचा जन्म इथे झाला. रविवारी चाळीचा निरोपसमारंभ होता. तेव्हा घरटी एक प्रत द्यायची होती, कारण सोमवारपासून लोक पांगणार होते.

बरोबर त्याच आठवड्यात माझी डिस्क कण्हू लागली. अप्पांच्या सुनेने, मृणालिनीने, ऑफिसातल्या लॅन्सला बोलावलं. लॅन्स माहीमचा, हाताने हुशार. त्याने सगळं एका नव्या मोठ्या डिस्कवर उतरवून घेतलं आणि दुसऱ्याच दिवशी जुनीने राम म्हटला. पण पुस्तक मृणालिनीच्या लॅपटॉपवर उघडलं, तर नावांच्या जागी नुसते कंस आणि टिंबं. ते जुनं मराठी टायपिंग फक्त माझ्यावरच चालतं. आणि मी? एवढी मोठी डिस्क मी जन्मात पाहिली नव्हती. ती जोडली की मी जागच्या जागी थिजायचो.

मित्रांनो, माझ्या मदरबोर्डवर एक चिप आहे. चालू झाल्यावर कोणता भाग कुठे जोडला आहे, हे तिच्यातला प्रोग्रॅम मला सांगतो. तो बदलला की मोठी डिस्क ओळखू येणार होती. नवा प्रोग्रॅम लॅन्सला मिळालाही. सोबत सूचना होती, फ्लॉपीवरून चालू करा.

"मृणाल, हा फ्लॉपीच मागतोय गं. बाकी काय पण दे, नाय बोलतो."

"मग घाल ना फ्लॉपी!" अप्पा म्हणाले.

"कुठे घालू काका, पुठ्ठ्यात?" लॅन्सने माझी पेटी उघडली. "काका, आत तांदूळ आहे. लाल."

"उंदरांनी आणला असेल," अप्पा म्हणाले.

उंदरांनी! कुंकू लावून! माझ्या संतापाला पारावार राहिला नाही.

पेन ड्राइव्ह लावून पाहिला. मला त्यावरून चालू होता येत नाही. लॅमिंग्टन रोडवर लॅन्सला एक जुना फ्लॉपी ड्राइव्ह मिळाला, तो माझ्याहून मेलेला निघाला. यात शुक्रवार उजाडला. शेवटी लॅन्सने एक सीडी अशी तयार केली, की ती मला सांगणार, 'मी सीडी नाही, फ्लॉपीच आहे.' आणि काय सांगू, मी भोळा, मला ते पटलं.

"आता दोन मिनिटं कुणी हात लावायचा नाय," लॅन्स म्हणाला. "मधेच बंद पडला तर हा कायमचा गेला."

आमच्या मजल्यावर जरा जास्त भार आला की फ्यूज उडतो, म्हणून मृणालिनीने शेजारच्या रमाबाईंचा मिक्सर बंद करायला लावला. पडदा काळा झाला. एकेक पांढरा चौकोन उमटू लागला आणि निम्म्यावर येऊन थांबला.

"अडकला," अप्पा म्हणाले. "बंद करून चालू कर." आयुष्यभर त्यांचा एवढाच एक उपाय. आणि त्यांचा हात निघालाच बटणाकडे.

"अप्पा!" मृणालिनीने त्यांचं मनगट धरलं. "पुस्तक जाईल!"

"झालं काय गो? खोबऱ्याचं वाटप राहिलंय माझं!" भिंतीपलीकडून रमाबाई ओरडल्या.

मग पुढचा चौकोन उमटला. मग पुढचा. मी पुन्हा चालू झालो, तेव्हा ती अवाढव्य डिस्क मला लख्ख दिसली आणि पुस्तक अक्षरन् अक्षर उघडलं. अप्पा खुर्चीत बसून कितीतरी वेळ नुसते नावं वाचत होते.

एकच पान कोरं होतं. खोली क्रमांक सत्तेचाळीस, त्यांची स्वतःची. सगळे चहाला उठल्यावर त्यांनी एका बोटाने टाइप करायला घेतलं. घरच्या माणसांची नावं लिहिली, जन्मसाल लिहिलं, गाव लिहिलं. मग थांबून आणखी एक ओळ घातली. "एक संगणक. त्याचा फ्लॉपी ड्राइव्ह माझ्या अक्षतांनी बिघडला. दोष त्याचा नव्हता."

मित्रांनो, घरातल्या यंत्रांची पूजा अवश्य करा. फक्त अक्षता वरून टाका, तोंडात कोंबू नका, आणि चूक झालीच तर यंत्र मुकं आहे म्हणून ती त्याच्या माथी मारू नका. नव्या घरी मला नेणार की भंगारात देणार, हे अजून कुणी बोललेलं नाही. पण रविवारी पुस्तक वाटलं गेलं आणि दोष माझा नव्हता, हे ऐंशी घरांत छापून गेलं आहे.