कालचा भात

रंजनाने फ्रिजमधून स्टीलचं पातेलं काढून ओट्यावर ठेवलं, झाकण उचललं आणि लगेच पुन्हा लावलं. मग जरा थांबून, आपलीच नजर चुकली असेल अशा आशेने, परत उचललं. पातेलं रिकामं होतं. नुसतं रिकामं नव्हे, घासून, धुऊन, फडक्याने पुसून रिकामं. तळाशी भाताचं एक शीत नव्हतं.

"अहो," ती म्हणाली. "इकडे या आधी."

अनिरुद्ध अर्ध्या दाढीने आला. एका गालावर फेस घेऊन त्याने पातेल्यात डोकावलं.

"मांजर असेल."

"मांजर झाकण लावून जातं? आणि भांडं घासून?"

या मुद्द्यावर अनिरुद्ध स्वतः निर्दोष सुटला, कारण लग्नाला वीस वर्षं होत आली तरी त्याने भांडं घासल्याचं कोणी पाहिलं नव्हतं. मुलगी पिंकी कॉलेजात जायला लागली होती, तीही त्याच मुद्द्यावर सुटली. राहता राहिल्या केसरबाई, अनिरुद्धच्या आई. त्या गॅलरीत लसूण सोलत बसल्या होत्या आणि आतलं आपल्याला काही ऐकू येत नाही असा त्यांचा चेहरा होता. एरवी शेजारच्या घरात चमचा पडला तरी त्यांना कळायचं.

"आत्याबाई, फ्रिजमधला भात कुठं गेला?"

"कुठला भात?"

"भंतेजींचा."

"भंतेजींचा भात आजून व्हायचाय. तांदूळ निवडून ठिवलेत मी. ताजा कर."

"तुम्ही फेकलात ना?"

केसरबाईंचा हात थांबला.

"अन्न फेकीन मी? काय बोलायलीस, माय."

आणि त्या पुन्हा लसणाला लागल्या.

झालं होतं असं, की विहारात थायलंडचे एक भंते मुक्कामाला आले होते आणि रोज एका घरी त्यांचं भोजनदान असायचं. विहार समितीचे सचिव प्रतापराव, त्यांच्या पत्नी नीलिमा. या नीलिमाबाईंनी भंतेजींना इतके पदार्थ वाढले, की विहारात दुसरा विषय उरला नाही. रविवारी सगळ्या बायकांसमोर त्यांनी रंजनाला विचारलं, "तुमच्याकडे काय बेत?" रंजनाच्या तोंडून निघून गेलं, "आम्ही त्यांना त्यांच्याच देशाचं जेवण घालणार आहोत." एकदा शब्द गेला तो गेला. नीलिमाबाई म्हणाल्या, "अगबाई! मग आम्ही पण येतो बघायला."

या बोलण्याला आधार इतकाच होता, की पिंकीने केबलवर एका परदेशी बाईला थाई फ्राइड राइस करताना पाहिलं होतं. त्या वर्षांत जग एकदम घरात शिरलं होतं. टीव्हीवर परक्या देशांची स्वयंपाकघरं दिसायला लागली होती, आणि ती पाहून आपल्यालाही हे जमेल असं त्यांच्या विद्यानगर वस्तीत घरोघरी वाटायला लागलं होतं. अनिरुद्ध बँकेतून परस्पर बेगम बाजारात जाऊन माशाचा सॉस शोधत फिरला. दुकानदाराने त्याच्या हातात सोया सॉसची बाटली दिली.

"थायलंड का नक्को पूछो साब. ये चायना का है, लेके जाव. बाजूबाजूकेच मुल्कां हैं."

अंडं घालावं की नाही यावर विहारात दोन तट पडले, म्हणून अंडं गाळलं. पण टीव्हीवरच्या बाईने एक अट तीन-तीनदा सांगितली होती आणि ती गाळता येण्यासारखी नव्हती. भात कालचा हवा. ताज्याचा गोळा होतो.

इथे घरात युद्ध पेटलं. केसरबाई फ्रिजला शिळ्याचं कपाट म्हणायच्या. या घरात शिळं चालतही नव्हतं आणि उरतही नव्हतं. रंजनाचा अंदाज इतका नेमका, की रोज भांडी चाटूनपुसून रिकामी व्हायची, आणि हे ती चारचौघींत सांगायचीसुद्धा. त्यामुळे फ्रिजमध्ये पाण्याच्या बाटल्या, मोगऱ्याचा गजरा आणि पिंकीचं नेलपॉलिश एवढाच ऐवज असायचा. त्यात आदल्या संध्याकाळी रंजनाने मुद्दाम वाटीभर तांदळाचा भात करून ठेवला, खास शिळा होण्यासाठी.

"भंतेजींना शिळं वाढणार?" केसरबाईंनी विचारलं होतं. "भिक्खूच्या पात्रात?"

"आत्याबाई, त्यांच्याकडं तशीच पद्धत आहे."

"आसंल. माझ्या घरात न्हाई."

आणि आता ते पातेलं ओट्यावर लखलखत होतं. भंते बाराच्या आत जेवतात, त्यानंतर अन्नाला शिवत नाहीत. रंजनाने पदर खोचला आणि पिंकीच्या हातात एक वाडगं दिलं.

"पद्मावती आंटींकडे जा. रात्रीचा भात मागून आण. त्यांच्याकडं उरतोच."

"मम्मी, ऑकवर्ड आहे ते."

"जा म्हणते ना."

पद्मावती आंटी समोरच्याच घरात राहायच्या. पिंकी त्यांच्या पायरीवर उभी राहिली.

"आंटी, रात का चावल बचा है क्या?"

"हौ, था ना. पेरुगु मिला दी मैं. अंकल खाके गये." आंटींनी दही कालवल्याची खूण हातानेच करून दाखवली. "कैकू होना तेरेकू? ठैर, बाजू में पूछती मैं."

आंटींना मदत करायची इतकी हौस, की त्यांनी तिथूनच गल्लीला आवाज दिला. कोणाकडे रात का चावल है क्या, पिंकीकू होना. दोन दारं उघडली. पिंकी वाडगं घेऊन पुढच्या दाराकडे निघाली, तेवढ्यात वरून हाक आली.

"पिंके!"

गॅलरीत केसरबाई उभ्या होत्या. त्यांचा असा आवाज पिंकीने कधी ऐकला नव्हता. ती धावत घरात आली. केसरबाईंनी तिच्या हातातलं वाडगं काढून घेतलं.

"माझी माय टोपलं घेऊन दारोदार जायची," त्या म्हणाल्या. "वाढा हो माय म्हणून वरडायची. काय पडायचं टोपल्यात? कालचं, परवाचं. बुरशी झटकून खायचो आम्ही. तुझ्या आज्यानं गाव सोडलं तवा मी एकच म्हणले, माझ्या लेकराच्या ताटात शिळं पडू देणार न्हाई. आन तू वाडगं घिऊन दारात?"

"आजी, रेसिपीसाठी होतं ते..."

"कशासाठी बी आसू दे."

पिंकीला हे कोणी कधी सांगितलं नव्हतं. ती आजीच्या कुशीत शिरून रडायला लागली. रंजनाने गॅस बारीक केला. आपण पोरीला कशाला पाठवलं असं तिला मनापासून वाटलं, लाज वाटली. पण बारा वाजायचे काही थांबणार नव्हते, म्हणून तिने डोळे पुसले आणि तांदूळ धुवायला घेतले.

मग त्या घरात ताज्या भाताला शिळा करण्याचा उद्योग सुरू झाला. भात परातीत पसरून पंख्याखाली ठेवला, तर लाइट गेली. अनिरुद्धने वर्तमानपत्राने वारा घातला. त्याचा एक गाल आता गुळगुळीत होता आणि दुसरा तसाच राहून गेला होता. लाइट आल्यावर परात फ्रिजमध्ये घालायला गेले, तर ती दारातून आत जाईना. शेवटी रंजनाने देवाचं नाव घेण्याची सवय मोडलेली असल्यामुळे नुसताच उसासा टाकला आणि भात कढईत लोटला. कोबी, गाजर, शेंगदाणे, वरून चायनाची बाटली. टीव्हीवर भाताची शितं सुटी उडत होती. इथे उलथनं फिरेल तसा सगळा भात एकजुटीने फिरत होता.

भंते आले. मागोमाग प्रतापराव आणि नीलिमाबाई. सगळ्यांनी त्यांना तीनदा प्रणाम केला. तिसऱ्या प्रणामाला केसरबाई खाली वाकल्या त्या वर येईनात. "आई गं" म्हणत त्यांनी पोट धरलं, पिंकीने हात देऊन उठवलं. त्रिसरण-पंचशील झालं आणि रंजनाने पात्रात भात वाढला. तो पात्रात पडताना आवाज झाला. नीलिमाबाईंनी तो ऐकला.

भंते शांतपणे जेवले. पात्र पुसून ठेवल्यावर प्रतापरावांनी घसा साफ केला. इंग्रजीत बोलण्याचा मान समितीच्या सचिवाचा होता.

"भंतेजी, दिस राइस... युवर कंट्री... सेम टू सेम?"

रंजनाचा जीव गोळा झाला. नुकताच सगळ्यांनी मिळून पंचशीलात खोटं न बोलण्याचा संकल्प केला होता आणि तो देणारा माणूसच समोर बसला होता. ही अडचण तिच्या आधी लक्षातच आली नव्हती.

भंतेंनी बराच विचार केला. मग हळूहळू इंग्रजीत काहीतरी बोलले. प्रतापरावांनी पिंकीकडे पाहिलं.

"ते म्हणतात," पिंकी म्हणाली, "भात फार प्रेमाने केलेला आहे."

नीलिमाबाई पदराआड खोकल्या. भंते आणखी बोलले.

"म्हणतात, पण हा आजचा भात आहे ना? त्यांच्याकडे कालच्याचा करतात."

रंजनाने सासूकडे पाहिलं. वीस वर्षांत इतकी भक्कम बाजू तिच्याकडे कधी आली नव्हती. पण भिंतीला टेकून बसलेल्या केसरबाई सरळ झाल्या.

"पिंके, त्यांला इचार. तिकडं भिक्षेला दारात जातात, तवा शिळंच घालतात का?"

पिंकीने विचारलं. भंतेंनी जोराने मान हलवली.

"नाही. सकाळी भात शिजला की पहिला चमचा भिक्खूला. मग घरातले जेवतात."

"मंग?" केसरबाई सगळ्यांकडे बघत म्हणाल्या. "मी काय म्हणलं व्हतं?" आणि लगेच पुढे, "पर मंग शिळं ऱ्हातंय ते कोण खातंय? पिंके, इचार."

हा प्रश्न ऐकून भंते पहिल्यांदाच हसले. मोठा माणूस घरच्या आठवणीने हसतो तसे हसले.

"जास्त उरला तर परतून मुलांना देतात," पिंकी सांगत गेली. "थोडा उरला तर आई खाते. यांची आई म्हणायची, मला थंड भातच आवडतो. हे खूप मोठे होईपर्यंत त्यांना ते खरंच वाटायचं."

सगळे हसले. नीलिमाबाईही हसल्या आणि त्यांच्या बोलण्यातली धार गेली. आमच्या आईचंही असंच होतं, म्हणाल्या. केसरबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी पदर डोक्यावर नीट घेतला आणि जमिनीकडे बघत बसल्या.

पाहुणे गेल्यावर रंजनाने घरच्यांची ताटं घेतली. एकजुटीचा भात भुकेपोटी बरा लागत होता.

"मला नगं," केसरबाई म्हणाल्या.

"आई, सकाळपासून काही खाल्लं नाहीस तू," अनिरुद्ध म्हणाला.

"भूक न्हाई रे. पोट डब्ब झालंय माझं."

रंजनाच्या हातातला चमचा तसाच राहिला. तिने सासूच्या पोटाकडे पाहिलं, मग ओट्यावरच्या त्या लखलखीत पातेल्याकडे. अन्न फेकीन मी, असं त्या म्हणाल्या होत्या. खरंच फेकलं नव्हतं. वाटीभर तांदळाचा गार भात, लसणाची पाकळीही तोंडी न लावता, एकटीने, पहाटे.

आणि मग तिला रोजची रात्र आठवली. जेवणं झाली की केसरबाई म्हणायच्या, जा तू, सकाळी डबे करायचेत, मागचं मी आवरते. वीस वर्षं मागचं त्यांनीच आवरलं होतं. वीस वर्षं सकाळी भांडी चाटूनपुसून रिकामी असायची. आणि रंजना चारचौघींत आपल्या अंदाजाचं कौतुक सांगत फिरली होती. तिला हसू आलं आणि रडूही आलं. दोन्ही दिसू नये म्हणून ती पाणी आणायला आत गेली.

संध्याकाळी तिने नेहमीच्या मापाने तांदूळ घेतले. थोडा वेळ त्यांच्याकडे बघितलं आणि दोन मुठी परत डब्यात टाकल्या.

"भात वाढ गं अजून," जेवताना अनिरुद्ध म्हणाला.

"संपला."

"संपला म्हणजे?"

"संपला म्हणजे संपला. भाकरी घ्या."

अनिरुद्धने पिंकीकडे पाहिलं, पिंकीने खांदे उडवले. जेवणं उरकली. केसरबाई उठून ओट्याशी आल्या.

"जा तू. मागचं मी आवरते." त्यांनी पातेल्याचं झाकण उचललं, मग भाजीच्या कढईवरचं. "काईच ऱ्हायलं न्हाई की गं. मंग सकाळी चहासंगं मी..."

त्या तिथेच थांबल्या. रंजना कढई नळाखाली धरून घासत होती. तिने मान वर केली नाही.

"सकाळी चहाबरोबर गरम भाकरी टाकते तुम्हाला," ती म्हणाली. "पहिली."

केसरबाईंनी झाकण पुन्हा रिकाम्या पातेल्यावर ठेवलं.

"मी लई येरवाळी उठते," त्या म्हणाल्या. "तुझ्यानं व्हायचं न्हाई."

"आता कळलंय मला," रंजना म्हणाली, "तुम्ही इतक्या लवकर का उठता ते."