चार खांबांचा साकव

मित्रांनो, मालवणजवळच्या कट्टा गावात एसटी थांबते तिथे समोरच गुरुदासांचे झेरॉक्सचे दुकान होते. आता त्या गाळ्यात मोबाइलची कव्हरे विकतात. त्या दुकानातला जुना संगणक तो मीच. सध्या मी गुरुदासांच्या घरी पडवीत, काजूच्या रिकाम्या पोत्यांखाली आहे. खाऱ्या हवेने माझे स्क्रू गंजले आहेत आणि ‘र’चे बटण कधीच निघून गेले आहे. तरी जे घडले ते मला सगळे सांगता येईल, कारण ते माझ्यासमोरच घडले.

माझे भाग कुठून कुठून आले ते मला ठाऊक नाही. ते जोडले गेले कुडाळला. गुरुदासांनी मला तिथून एसटीने आणले, तेही मांडीवर घेऊन. कंडक्टरने खोका मागे ठेवायला सांगितला, तर ते उभे राहून यायला तयार झाले, पण मला सोडायला नाही. पहिल्या दसऱ्याला माझ्यावर झेंडूचे फूल होते. मग मी कामाला लागलो. दहावीचे निकाल, सातबाराचे उतारे, चतुर्थीला गावी येणाऱ्यांची रेल्वेची तिकिटे, लग्नाच्या पत्रिका. निकालाच्या दिवशी माझ्यापुढे इतकी गर्दी होई, की पंख्याचा वारा माझ्यापर्यंत पोहोचत नसे. त्या दिवसांत मला फार मोठे झाल्यासारखे वाटे.

गुरुदासांची मुलगी अनुजा कुडाळला एका वर्तमानपत्रात काम करत होती. ते कार्यालय बंद पडले तेव्हा ती दुकानात येऊन बसू लागली. फावल्या वेळात तिने माझ्यावर एक बातम्यांचे संकेतस्थळ सुरू केले. त्याचे नाव होते ‘खाडीकाठ’. मोठ्या बातम्या तिथे नसत. कुठल्या अंगणवाडीचे छप्पर गळते, कुठल्या वाडीत तीन आठवडे नळाला पाणी नाही, असे काहीबाही असे. पण अनुजा प्रत्येक ठिकाणी स्वतः जाई, फोटो काढी, संबंधित साहेबांना फोन करून त्यांचेही म्हणणे लिही. बातमी आली की चार दिवसांत छप्पर दुरुस्त होई. मुंबईतली चाकरमानी मंडळी सकाळी चहाबरोबर ‘खाडीकाठ’ वाचत. एकदा गुरुदास तिला म्हणाले होते, “बाय, सगळा कागदार छापून ठेव.” ती हसली होती. कागदाला वाळवी लागते, इंटरनेटवरचे कुठे जाते, असे तिने त्यांना समजावले. मलाही तेच खरे वाटले होते.

पौषात एका सकाळी महादूकाका दुकानात आले. ते बांबरवाडीचे. वाडी आणि रस्ता यांच्यामध्ये मोठा ओहोळ आहे आणि त्यावर एक साकव होता, म्हणजे दोन माणसे शेजारून जेमतेम जातील असा लहान पूल. त्याच्या लोखंडी सळया उघड्या पडल्या होत्या, मधला खांब खालून खाल्ला गेला होता. वाडीतल्या चार मुली त्यावरून शाळेला जात. महादूकाकांना कुणीतरी सांगितले होते, की सरकारी कागदावर साकवाची दुरुस्ती पूर्ण झाली आहे. ते खरे का, हे विचारायला ते आले होते.

अनुजाने सरकारी संकेतस्थळावरची कामांची यादी उघडली. खरेच तिथे ‘काम पूर्ण’ असे लिहिले होते आणि शेजारी रंगवलेल्या, नव्याकोऱ्या साकवाचा फोटो होता. काका चष्मा वर करून माझ्या अगदी जवळ आले. त्यांचा श्वास माझ्या काचेवर उमटला.

“चेडवा,” ते म्हणाले, “ह्यो साकव आमचो न्हय. आमच्या साकवाक तीन खांब. हेका चार आसत.”

अनुजा त्याच दिवशी बांबरवाडीला गेली. दुसऱ्या दिवशी ‘खाडीकाठ’वर दोन फोटो शेजारी शेजारी आले, एक सरकारी यादीतला आणि एक खरा. साकवाचे काम ज्यांच्याकडे होते त्या सरकारी कार्यालयाने फोनवर उत्तर द्यायचे टाळले, तेही तिने लिहिले. ती बातमी बाराशे लोकांनी वाचली. ‘खाडीकाठ’वर इतकी वाचली गेलेली दुसरी बातमी नव्हती. मी फार आनंदात होतो.

अकराव्या दिवशी ते पान गेले.

‘खाडीकाठ’ इंटरनेटवर ज्या परदेशी कंपनीच्या जागेवर चाले, तिच्याकडून एक पत्र आले होते. चार खांबांच्या साकवाचा फोटो आपला आहे आणि तो विनापरवानगी वापरला, अशी कुणीतरी तक्रार केली होती. तक्रार करणाऱ्याचे नाव पत्रात नव्हते. अनुजाने सविस्तर उत्तर लिहिले. फोटो सरकारी यादीतला आहे आणि तो खोटा आहे हे दाखवण्यासाठीच वापरला आहे, असे तिने पुन्हा पुन्हा वाचून, शब्द बदलून लिहिले. ते पाठवायला तिला दुपार लागली. त्यावर उत्तर दोन मिनिटांत आले: ‘आपले म्हणणे तपासले आहे. निर्णय कायम आहे.’ मित्रांनो, ते कोणा माणसाने वाचले नव्हते. मी स्वतः यंत्र आहे, मला ते कळते.

पुढच्या दोन महिन्यांत जुन्या बातम्यांवर आणखी दोन तक्रारी आल्या आणि तिसऱ्या तक्रारीनंतर संपूर्ण ‘खाडीकाठ’ बंद झाले. सहा वर्षांच्या बातम्या होत्या त्या. फोन लावायला नंबर नव्हता, भेटायला कार्यालय नव्हते. तिने सरकारच्या ऑनलाइन तक्रारीतही साकवाबद्दल लिहिले. तिथे तिला एक क्रमांक मिळाला. महिन्याने त्या क्रमांकापुढे ‘निकाली’ असा शब्द आला आणि तिने लिहिलेला मजकूरही तिथून दिसेनासा झाला.

तिने हे सगळे महादूकाकांना सांगितले. उलट त्यांनीच तिला धीर दिला. “पान गेला तर जांव दे,” ते म्हणाले. “साकव थंयच आसा. तेका कोण पुसतलो?”

पाऊस वाढला तसे काका रोज सकाळी साकवाच्या तोंडाशी उभे राहू लागले. एका वेळी एकाच मुलीला हात धरून पलीकडे न्यायचे, मग परत येऊन दुसरीला. श्रावणातल्या एका सकाळी ओहोळाला फार पाणी होते. त्यांनी चौघींनाही पलीकडे पोहोचवले आणि ते एकटे परत निघाले. मधला खांब तेव्हा गेला. मुलींनी रस्त्यावरून पाहिले. काका दुसऱ्या दिवशी खाली खाजणात, खाडीकाठच्या दलदलीत, सापडले.

अनुजा दोन दिवस दुकानात आली नाही. आली तेव्हा तिने दार आतून लावून घेतले.

भाद्रपदात चौकशी झाली. साकव धोकादायक असल्याची पूर्वसूचना कुणीही दिली नव्हती, असे कार्यालयाचे म्हणणे होते. सरकारी यादीतला चार खांबांचा फोटो तोपर्यंत नाहीसा झाला होता आणि ‘काम पूर्ण’च्या जागी ‘काम प्रगतिपथावर’ असे आले होते. अनुजाने पुरावा आहे म्हणून कळवले, तेव्हा चौकशी अधिकारी स्वतः दुकानात आले. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी चपला बाहेर काढल्या, पाणी मागून घेतले, माझ्यासमोर खुर्ची ओढली. मी ती बातमी जपून ठेवली होती. दोन्ही फोटो, तारीख, सगळे मी त्यांना एका क्षणात दाखवले. इतक्या चटकन मी पूर्वी कधी काही उघडले नव्हते.

त्यांनी शांतपणे वाचले. मग म्हणाले, “मॅडम, हे तुमच्याच कॉम्प्युटरवर आहे. तारीख कोणीही बदलू शकतं. असे फोटो तर हल्ली मोबाइल एका मिनिटात बनवून देतो. प्रसिद्ध झालेलं पान दाखवा.”

“ते काढून टाकलंय, साहेब. तेच तर सांगतेय.”

“त्या कंपनीच्या पत्रात पान नाही, नुसती तक्रार आहे. मग पानावर हेच होतं हे मी कशावरून लिहू?”

दाराशी पंधरा-वीस माणसे जमली होती. त्यांतल्या बहुतेकांनी ती बातमी माझ्याच पडद्यावर किंवा आपापल्या मोबाइलवर वाचली होती. काहींनी तिला शाबासकीही दिली होती. साहेबांनी मान वळवून विचारले, कुणी हे त्या वेळी वाचले होते का? सही देईल का? एकाने एसटी आली का म्हणून रस्त्याकडे पाहिले. एकजण म्हणाला, वाचल्यासारखे वाटते, पण नक्की आठवत नाही. साकवाच्या दुरुस्तीचे काम घेतलेल्या ठेकेदाराची माणसे त्याच गावात राहत होती, त्यांच्याच गाड्यांवर काहींची पोरे कामाला होती. मी त्यांना दोष देत नाही. पण साहेबांनी टोपण लावून पेन खिशात ठेवले तेव्हा मला पहिल्यांदा कळले, की मी सगळे जपून ठेवले आणि त्याचा काहीही उपयोग नाही.

दिवाळीच्या आधी महादूकाकांच्या पत्नी, सावित्रीकाकी, दुकानात आल्या. अपघातात गेलेल्या माणसाची नोंद ऑनलाइन करायला त्यांना कार्यालयाने सांगितले होते. अनुजाने अर्ज उघडला. नाव, वय, गाव भरून झाले. मृत्यूच्या कारणापाशी मी एक यादी दाखवली. वीज पडून. सर्पदंश. वाहनाचा धक्का. पाण्यात बुडून. त्यातले एक निवडल्याशिवाय पुढे जाता येत नव्हते. स्वतःचे शब्द लिहायला जागा नव्हती. अनुजाने यादी वरपासून खालपर्यंत तीनदा फिरवली आणि मग काकींना वाचून दाखवली.

काकी पदराचे टोक बोटाला गुंडाळत ऐकत होत्या. “आणि साकव?” त्यांनी विचारले.

“साकव यादीत नाय, काकी.”

“मगे तेचा मराण खंय गो बसता?”

अनुजाने यादी पुन्हा एकदा वर नेली. बाहेर मालवणची गाडी लागली, तेव्हा काकीच म्हणाल्या, “घाल गो. काय आसा ता घाल.” अनुजाने ‘पाण्यात बुडून’ निवडले. आणि मित्रांनो, मी हिरवी खूण दाखवली. ‘आपली माहिती यशस्वीरीत्या स्वीकारली आहे,’ असे मी त्या बाईंना सांगितले. मला दुसरे काही सांगता येत नव्हते.

त्यानंतर अनुजाने काही लिहिले नाही. गाळा सोडला तेव्हा तिने मला भंगारात दिले नाही, एवढेच. आता मला कुणी चालू करत नाही आणि केले तरी मी फार दिवस टिकणार नाही. माझी धूळ पुसा, असे मी म्हणणार नाही. मी एकच मागतो. एखादे पान तुम्ही वाचले आणि उद्या ते दिसेनासे झाले, तर कुणी विचारील तेव्हा रस्त्याकडे पाहू नका. मी वाचले होते, एवढे म्हणा. ते माझ्या तोंडून कुणी खरे मानत नाही.