चहाला न जाणारं यंत्र

एटीपी सिंथेज हे एन्झाइम धनेश सर सांगवीतल्या एका ज्युनियर कॉलेजात वर्षानुवर्षं शिकवत होते. खाल्लेल्या अन्नातली ऊर्जा एटीपी नावाच्या रेणूत भरायची आणि तो रेणू पेशीत वापरायला सोडायचा, हे त्याचं काम. हे एन्झाइम म्हणजे खरोखरचं यंत्र आहे. त्याला चाक आहे, दांडा आहे आणि ते फिरतं. मुलांना मात्र त्याबद्दल एकच कुतूहल असे, ते म्हणजे आकृतीला मार्क किती.

त्यामुळे चाकणच्या एका कंपनीतून योगिनी मॅडमचा फोन आला तेव्हा सरांना वाटलं, हा फोन दुसऱ्याच कोणासाठी असणार. कंपनी मोटारींच्या सीटचे सांगाडे बनवायची आणि मॅडम तिथल्या एचआर होत्या. सोसायटीतल्या विज्ञान दिनाला त्यांनी सरांना ऐकलं होतं. कंपनीत ऊर्जा सप्ताह होता, आणि पेशीतल्या त्या मोटरबद्दल सर ऑपरेटर लोकांना सांगतील का, असं त्या विचारत होत्या. खरं तर दिवे-पंखे बंद करा हे सांगायला एक वक्ता ठरलेला होता, तो आजारी पडला होता. हे सरांना मागाहून कळलं, पण तोवर ते दोन शर्ट इस्त्रीला देऊन बसले होते.

कंपनी दाजींचीच निघाली. दाजी म्हणजे सरांच्या थोरल्या बहिणीचे, दीपमालाताईंचे यजमान समाधान. लातूरकडून आलेले, आणि पत्रा दाबून पार्ट पाडणाऱ्या प्रेस शॉपमध्ये इतके जुने की तिथली सगळ्यात जुनी प्रेसच काय ती त्यांच्या आधीची. त्यांनी फोनवर तीनदा विचारलं, "आमच्याच कंपनीत? आमच्यासमोर?"

आदल्या दिवशी मॅडमनी व्हिडिओ कॉलवर स्लाइड पाहिले. शेवटच्या स्लाइडवर होतं की प्राणवायूचा पुरवठा तुटला की हे यंत्र उलटं फिरू लागतं आणि स्वतः बनवलेलं एटीपी स्वतःच फोडत सुटतं. म्हणून एक छोटं प्रथिन येऊन त्यात अडकतं आणि त्याला थांबवतं. पुरवठा पूर्ववत झाला की ते बाजूला होतं.

"सर, हा थांबण्याचा स्लाइड गरजेचा आहे का? जरा निगेटिव्ह वाटतो. फ्लो तुटतो."

सर म्हणाले, नको तर नको. काढायला जास्तीत जास्त एक श्वास लागला असेल. स्लाइड काढल्यावर फ्लो खरंच सुधारला.

व्याख्यान कँटीनमध्ये झालं आणि कधी नव्हे ते रंगलं. पेशीतल्या पडद्याच्या एका बाजूला प्रोटॉन नावाच्या कणांची गर्दी, दुसरी बाजू मोकळी, जायला वाट एकच आणि तीही फिरती. "तुमच्या गेटवरचं फिरतं फाटक डोळ्यांपुढे आणा," सर म्हणाले. "शिफ्ट सुटली की तुम्ही एकेक जण ते ढकलत बाहेर पडता. समजा त्या फाटकाला खालून एक प्रेस जोडली आहे. तुम्ही निघालात घरी, पण पार्ट पडतोच आहे." लोक हसले. ज्युनियर कॉलेजच्या माणसाला याची सवय नसते. ते हसणं सरांना चढलं. तेवढ्यात मागून कँटीनची ट्रॉली खडखडत आली, माना तिकडे वळल्या, आणि आपले श्रोते हातचे जातील या भीतीने सर बोलून गेले, "या यंत्राचं एक बरं आहे. ते चहाला जात नाही."

सगळा हॉल हसला. चौथ्या रांगेतले दाजी तर सगळ्यात जास्त. शेजारच्याच्या मांडीवर हात मारून ते म्हणाले, आमचे मेहुणे. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी ते वाक्य लिहून घेतलं.

त्यानंतरच्या एका रविवारी सर राजगुरुनगरला ताईंकडे जेवायला गेले. दाजी नेहमीसारखे बोलत होते, फक्त कंपनीचा विषय निघाला की भाताकडे बघत होते. शेवटी ताईंनीच वाढता वाढता तोंड उघडलं.

"तुझं नाव लागलंय म्हणे कंपनीत. प्रत्येक मशीनवर."

"माझं?"

"मग काय माझं? ह्यांना आता कुणी समाधान म्हणत नाही. एटीपी म्हणतात. 'एटीपी, मशीन सोडू नको, मेहुणा रागावंल.'"

"अगं, चेष्टा करतात पोरं," दाजी म्हणाले.

मग एकेक गोष्ट बाहेर आली. कंपनीने पोस्टर छापलं होतं. वर चाकाचं चित्र, मध्ये मोठ्या अक्षरांत 'हे यंत्र चहाला जात नाही', खाली सरांचं नाव आणि एम.एस्सी. ते लागल्यानंतरच्या सोमवारपासून जेवणानंतरची चहाची सुट्टी बंद झाली. चहा बंद नव्हता, कंपनी तेवढी निर्दय नव्हती. ट्रॉली आता प्रत्येक मशीनपाशी येई आणि कप ठेवून जाई. पण प्रेसची दोन बटणं दोन्ही हातांनी एकदम दाबावी लागतात, हात आत सापडू नये म्हणून. दोन्ही हात बटणांवर असताना कप कोणी उचलायचा, याबद्दल पोस्टरवर काही नव्हतं. माणसं उभ्याउभ्या पार्ट पाडत आणि चहावर साय धरताना बघत. जेवण सोडलं तर दिवसभरातलं टेकायचं तेवढं एकच निमित्त होतं, तेही गेलं होतं.

"आम्ही चार जण मॅडमला भेटलो," दाजी म्हणाले. "त्या म्हणाल्या, हे आमचं नाही, सायन्स आहे. तुमच्या घरच्याच माणसानं सांगितलंय." दाजींनी ताट थोडं पुढे सरकवलं. "धनेशराव, राग नका मानू. मला एवढंच सांगा, ते खरंच कधी थांबत नाही का?"

सरांना काढलेला स्लाइड आठवला असं म्हणणं बरोबर नाही, कारण तो ते विसरलेच नव्हते.

"थांबतं," ते म्हणाले. "म्हणजे, थांबवलं जातं."

"मग तेवढं सांगाल का? परवा तुमचं दुसरं लेक्चर लावलंय. मोठे साहेब पण बसणार आहेत. मागणी आमची आम्ही करू. तुम्ही फक्त थांबतं म्हणा."

सांगतो, असं सरांनी कबूल केलं. ताईंनी त्यांना न विचारता आणखी भात वाढला, आणि तो त्यांनी मुकाट्याने खाल्ला.

दुसऱ्या व्याख्यानाला आधी सत्कार झाला. कारखान्याचे प्रमुख, म्हणजे मोठे साहेब, यांनी सरांना शाल घातली, नारळ दिला, आणि तळेगावच्या कारखान्यालाही सरांना न्यायचं आहे असं जाहीर केलं. टाळ्या पहिल्या दोन रांगांत वाजल्या. त्या स्टाफच्या होत्या. मागच्या रांगा हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. दाजी मध्येच कुठेतरी होते. या वेळी त्यांनी कोणाच्या मांडीवर हात मारला नाही.

काढलेला स्लाइड सरांनी परत घातला होता. तो आला. आता म्हणायचं ते साधं होतं, फाटक-प्रेसइतकंच साधं. पण समोर साहेब होते, अंगावर शाल होती, आणि सरांच्या तोंडून अख्खं पाठ्यपुस्तक सुटलं. इनहिबिटर प्रोटीन, हायड्रॉलिसिस, मेंब्रेन पोटेन्शिअल. मागच्या रांगांना समजलं ते एवढंच, की सर घाबरले आहेत.

साहेबांना मात्र विषयात रस होता. "म्हणजे ब्रेकडाउन झालं तर थांबतं," ते म्हणाले. "इमर्जन्सी स्टॉप."

"हो. तसंच."

"पण नॉर्मल कंडिशनला?"

हे शास्त्रीयदृष्ट्या अगदी योग्य ठिकाणी बोट ठेवणं होतं. शरीर ठीक असताना ते यंत्र तसं फिरतच असतं. सर घोटभर पाणी प्यायले.

"नॉर्मलला तसं… थांबत नाही."

"एक्झॅक्टली," साहेब म्हणाले आणि मागे वळून सगळ्यांकडे पाहून हसले.

मागून रणजीत नावाचा ऑपरेटर उठला. "सर, आपण चहा पिता का?" त्याने विचारलं. आवाज शांत होता, पण चारदोन जण खुदखुदले. "म्हणजे तुमच्यात पण ते मशीन असंल ना. ते फिरत असताना तुम्ही बसून पिता, का उभ्यानं?"

सगळं उत्तर या प्रश्नातच होतं. चाक थांबो न थांबो, माणूस म्हणजे ते चाक नव्हे. पोस्टरवरच्या त्या वाक्यात विज्ञान नव्हतं, एक विनोद होता, आणि तो सरांनी टाळीसाठी केला होता. एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. सरांना ते शब्दाशब्दाने दिसलं. त्यांनी शालीचं टोक सारखं केलं.

तेव्हा दाजी उठले.

"रणजीत, बस खाली," ते म्हणाले. "पाहुण्यांना मध्ये कशाला घ्यायलास? ते शाळा शिकवणारा माणूस. त्यांना आपल्या लाइनचं काय माहीत? चहाचं आपण आपलं मागू."

"तुझा मेहुणा म्हणून सोडायचं का, एटीपी?"

"हो, माझा मेहुणा म्हणून सोड," दाजी म्हणाले, आणि रणजीत बसेपर्यंत उभे राहिले.

त्यानंतर कोणी प्रश्न विचारला नाही. सरांनी सगळ्यांचे आभार मानले. बाहेर पडताना लोकांनी त्यांना वाट करून दिली, एखाद्या आजाऱ्याला देतात तशी.

केबिनमध्ये, नारळ टेबलावर ठेवून, सर मॅडमना म्हणाले, "ते पोस्टर काढा. तो विनोद होता. विज्ञानात असं वाक्य कुठे नसतं."

हे त्यांनी स्पष्ट, सोप्या मराठीत म्हटलं. ऐकायला दोघेच होते, मॅडम आणि एसी.

"शुअर सर," मॅडम म्हणाल्या. "तुम्हाला अनकम्फर्टेबल वाटत असेल तर आपण लगेच बदलू."

आठवडाभराने दाजींनी व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. पोस्टर नवं होतं, कागद आधीपेक्षा जाड. चाक तेच, वाक्य तेच. खाली सरांचं नाव आणि एम.एस्सी. गेलं होतं. त्या जागी छापलं होतं, 'विज्ञान'.

सरांना पहिल्यांदा काय वाटलं असेल, तर हायसं. नाव निघालं, सुटलो, असंच वाटलं. ते स्टाफरूममध्ये एकटेच होते, तरी त्यांनी कोणी पाहिलं तर नाही ना म्हणून मागे वळून बघितलं.

फोटोखाली दाजींनी लिहिलं होतं, "धनेशराव, तुमचं नाव काढलं बघा त्यांनी. बरं झालं. मला काळजी लागली होती."